पाचव्या दिवसानंतर

दिवाळी अंकातला डॉक्टर म्हणजे लग्नघरी आलेला वकील. त्याला बोलावल्यावाचून तर चालत नाही. पण त्याने येऊन शुभ तेवढेच बोलावे, अशी साऱ्यांची इच्छा असते. म्हणून गेली काही वर्षे या सदराच्या दिवाळीच्या लेखात मी चकलीचे अजीर्ण, फटाक्यांचे भाजणे, अभ्यंगस्नानानंतरची सर्दी असलेच सोज्ज्वळ विषय घेत आलो. यंदा मात्र वाचकांची क्षमा मागून स्वतःच्या घरातली एक हकिगत सांगणार आहे. तिच्यात धनत्रयोदशी आहे, लक्ष्मीपूजन आहे, भाऊबीज आहे आणि एक चूकही आहे. ती चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आहे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातल्या इस्लापूरला दिली आहे. पुण्यामुंबईच्या वाचकांना इस्लापूर ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाच्या धबधब्याचे नाव ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी त्याच्या शेजारचे गाव म्हणून ओळखावे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. भोवती सागाचे जंगल, कापूस, सोयाबीन, तूर. बाजाराच्या दिवशी मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजाऱ्यांची बोलीही कानांवर पडते. माणसे मायाळू. उणीव एवढीच, की पोट उघडायची वेळ आली तर हिमायतनगर, भोकर मागे टाकीत नांदेड गाठावे लागते, आणि तो रस्ता पोटात दुखणाऱ्या माणसाला फार लांब वाटतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली, कापसाची वेचणी जोरात. अक्काच्या पोटात बेंबीशी दुखू लागले. पित्त म्हणून तिने ओवा खाल्ला, लिंबूपाणी घेतले. दुसऱ्या दिवशी दुखणे उजवीकडे खाली उतरले आणि तिसऱ्या दिवशी नांदेडच्या एका दवाखान्यात तिचे ऑपरेशन झाले. अपेंडिक्स फुटले होते. ते काढून पोट आतून साफ केले आणि टाके घातले. दोन दिवसांनी चहा, तिसऱ्या दिवशी मऊ भात. सारे यथासांग चालले होते. ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी वसुबारस आली. ‘दिवाळी घरी होऊ द्या’ असे घरच्यांनी म्हटले, डॉक्टरांनीही पोट पाहून होकार दिला आणि अक्का इस्लापूरला परतली. हातात एक कागद होता. त्यावर इंग्रजीत औषधे लिहिली होती आणि खाली ‘गरज पडल्यास दाखवा’ अशा अर्थाची तीन अक्षरे होती. गरज म्हणजे नेमके काय, हे त्या अक्षरांना सांगता येत नव्हते.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मला पुण्याला फोन आला.

“भाऊ, जरा कणकण वाटायलीय. पोट जड झाल्यावाणी वाटायलंय.”

मी विचारले, “ताप किती आहे?”

“नव्याण्णव पॉइंट आठ.”

आणि मी, तीस वर्षे नाडी बघत आलेला माणूस, म्हणालो, “अगं, एवढं पोट फाडलंय. चार दिवस थोडा ताप राहायचाच. पॅरासिटमॉलची गोळी घे आणि पडून राहा. फराळाचं फार खाऊ नकोस.”

नरकचतुर्दशीला पुन्हा फोन झाला. “गोळीनं ताप उतरला बघ,” अक्का म्हणाली. मला बरे वाटले. फक्त सकाळपासून पाच-सहा वेळा संडासला जावे लागले, थोडी आव पडल्यासारखी वाटली, असे तिने सांगितले. घरात बेसनाचे लाडू झाले होते. “फराळाचं बाधलं असेल,” तिचे यजमान मागून म्हणाले आणि मीही फोनवर हसून दुजोरा दिला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन आला, तो अक्काचा नव्हे, तिच्या सुनेचा.

“मामा, आत्याबाई काहीच खायनात. सारख्या संडासला जायल्यात, पण होत काहीच नाही, नुसती आव. लघवीलाबी घडीघडी उठायल्यात. आन् ताप उतरतो म्हणून त्या सांगायल्या तुम्हाला, पर तो गोळीनं उतरायलाय. मी लिहून ठेवलंय. वाचू का?”

“वाच,” मी म्हणालो.

ही मुलगी बारावीपर्यंत शिकलेली. शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बायांचा हिशेब तिच्याकडे असतो. कुणी किती किलो वेचला, कुणाला किती द्यायचे, ते सारे एका वहीत. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर, कुणी सांगितले नसताना, तिने सासूचा हिशेब मांडला होता. ती वाचत गेली आणि मी ऐकत गेलो. धनत्रयोदशी, संध्याकाळ, ९९.८. नरकचतुर्दशी, सकाळी ९९, दुपारी चारला १०१.६, गोळी दिली, रात्री ९९. लक्ष्मीपूजन, सकाळी १००, दुपारी १०२.४, गोळी दिली, आता ९९.६. नाडी, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजलेली, पहिल्या दिवशी ९६, मग १०८, आज ११८.

वाचकहो, पूजेची तयारी चालली होती, घरात समया उजळल्या होत्या. पण माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. ही वही म्हणजे वैद्यकाच्या पहिल्याच पुस्तकातले एक पान होते. फुटलेल्या अपेंडिक्सचे ऑपरेशन, त्यानंतर आठवडाभराने रोज दुपारी चढणारा आणि उतरणारा ताप, वाढत जाणारी नाडी, घडीघडी शौचाची भावना, नुसती आव, वारंवार लघवी. ओटीपोटाच्या तळाशी पू साचला की तो पुढे मूत्राशयाला आणि मागे गुदाशयाला टेकतो, दोघांनाही चेतवतो आणि रोग्याला वाटते की जुलाब लागले. हे मी विद्यार्थी असताना परीक्षेत लिहिले होते. त्याबद्दल मला गुणही मिळाले होते. फक्त सख्ख्या बहिणीच्या वेळी आठवले नाही.

मी विचारले, “गाडी मिळेल का आत्ता?” ती म्हणाली, “पूजा झाल्यावर शेजारचे काका नेतील म्हणतेत.” मी म्हणालो, “पूजा नंतर. आत्ता निघा.” आयुष्यात त्या घराला मी दिलेला हा पहिला हुकूम. वेचणीच्या बायांना ने-आण करणाऱ्या जीपमध्ये मागे गादी घातली आणि इस्लापूरच्या घराघरांत पणत्या लागत असताना अक्का नांदेडच्या रस्त्याला लागली.

रात्रीच सोनोग्राफी झाली. ओटीपोटात पू होता. पाडव्याच्या सकाळी तो वाट करून बाहेर काढला, नळी ठेवली. रक्तदाब तोवर घसरू लागला होता, लघवी कमी झाली होती. शिरेतून औषधे चालू झाली आणि दुपारपर्यंत तो सावरला. भाऊबीजेला मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो होतो. ओवाळायला निरांजन नव्हते. दवाखान्यात ज्योत लावायची परवानगीही नव्हती. अक्काने दोन बोटे माझ्या कपाळाला टेकवली आणि म्हणाली, “भाऊ, शिकून डॉक्टर तू झालास. रोग मात्र सूनबाईनं ओळखला.”

पुढे अक्का सतरा दिवस दवाखान्यात राहिली. आज ती ठणठणीत आहे. पण टाक्यांची जागा कायमची कमकुवत झाली, तिला पोटाला पट्टा लावावा लागतो आणि त्या वर्षीच्या कापसाचे अर्धे पैसे नांदेडला गेले. धनत्रयोदशीच्या रात्री मी ‘गोळी घे’ याऐवजी ‘उद्या सकाळी दाखवून ये’ म्हटले असते, तर एवढे सोसावे लागले नसते. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूनबाई गप्प बसली असती, तर हा लेख लिहायचे धैर्य मला झाले नसते.

आता हकिगत बाजूला ठेवून शास्त्र काय सांगते ते पाहू.

पोटाच्या ऑपरेशननंतर जंतूंचा प्रादुर्भाव होणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आपल्या आतड्यात जंतूंची अगणित वस्ती असते. आतडे, अपेंडिक्स, पित्ताशय फुटले किंवा कापावे लागले, की त्यांतले काही बाहेर पडणारच. जगातल्या ६६ देशांतल्या १२,५३९ रोग्यांची एक मोठी पाहणी २०१८ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या संसर्गरोगांच्या अंकात प्रसिद्ध झाली. जठर, आतडे आणि त्याला लागून असलेल्या अवयवांची ऑपरेशने झालेले हे सारे रोगी. त्यांच्यापैकी १२.३ टक्क्यांना तीस दिवसांच्या आत जखमेत संसर्ग झाला. उत्पन्न, शिक्षण आणि आयुर्मान यांत पुढारलेल्या देशांत हे प्रमाण ९.४ टक्के, मधल्या देशांत १४ टक्के आणि मागासलेल्या देशांत २३.२ टक्के निघाले. आपण मधल्या रांगेत मोडतो. म्हणजे ढोबळ मानाने सात जणांत एक. एका मोठ्या कुटुंबातल्या सर्वांची मिळून आयुष्यभरातली ऑपरेशने मोजली, तर हा प्रसंग आपल्या दारी कधी ना कधी येणारच, असे धरून चालावे.

हे प्रमाण कमी करण्याचे प्रयत्न शस्त्रवैद्य करीतच आहेत. २०२२ साली याच ‘लॅन्सेट’मध्ये सात देशांतल्या, त्यांत आपला देशही होता, ८१ रुग्णालयांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोट शिवण्यापूर्वी साऱ्यांनी हातमोजे आणि हत्यारे बदलायची, इतकीच साधी युक्ती. त्याने संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. गृहिणींना यात नवल वाटणार नाही. कच्च्या भाजीची सुरी शिजलेल्या अन्नाला लावू नये, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. पण युक्ती कितीही चांगली असली तरी संसर्ग शून्यावर येत नाही. राहिलेल्यांचे काय होते, ते तो केव्हा ओळखला जातो यावर ठरते.

आणि इथेच दिवसांचा हिशेब येतो. ऑपरेशननंतरचा प्रत्येक ताप सारखा नसतो. पहिल्या दोन दिवसांतला थोडा ताप बहुधा शरीरावर झालेल्या आघाताचा असतो. दुखते म्हणून रोगी दीर्घ श्वास घेत नाही, खोकत नाही आणि फुप्फुसांचा तळ नीट उघडत नाही, म्हणून त्याला फुगे फुगवायला आणि लवकर चालायला लावतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत लघवीची नळी किंवा सलाइनची सुई यांच्या वाटेने आलेला ताप असू शकतो. पाचव्या ते दहाव्या दिवसांत टाक्यांची जखम बोलू लागते. ती लाल होते, गरम लागते, सुजते, पाझरते. आतडे कापून जोडले असेल तर तो जोड सुटण्याची भीतीही साधारण पाचव्या ते सातव्या दिवसांत असते. आणि पोटाच्या आत साचणारा पू बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी आपले अस्तित्व कळवतो. पू तळाशी असेल तर अक्काची लक्षणे. वर, श्वासपटलाखाली असेल, तर न थांबणारी उचकी आणि खांद्याच्या टोकाशी दुखणे. पंचांगाप्रमाणे हे दिवस अचूक नसतात. क्वचित एखादा उग्र जंतू पहिल्याच दिवशी जखमेत प्रचंड वेदना, काळसर डाग आणि फोड आणतो. असे झाले तर एक घटकाही थांबू नये. पण सामान्य क्रम हाच.

आता हा क्रम आणि रोग्याचा प्रवास शेजारी शेजारी मांडून पाहा. निरुपद्रवी ताप येतो तेव्हा रोगी दवाखान्यात असतो, दिवसातून चार वेळा नर्सबाई तापमान लिहितात. खरा धोक्याचा ताप येतो तेव्हा तो घरी असतो आणि तिथे कुणी काही लिहीत नाही. पूर्वी टाके काढेपर्यंत रोग्याला दवाखान्यातच ठेवीत. आता लवकर घरी पाठवतात. त्यात चूक काही नाही. घरचे अन्न, घरची माणसे, खर्चाची बचत आणि दवाखान्यातल्या हट्टी जंतूंपासून सुटका, असे त्याचे चार फायदे आहेत. फक्त तो चार वेळचा पहारा आपण घरी आणायला विसरलो.

हा पहारा म्हणजे काय, हे पाहायचे तर पुण्यातच शंभर वर्षे मागे जाऊ. जानेवारी १९२४. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. पोट दुखू लागले, अपेंडिक्सचा दाह असल्याचे निदान झाले आणि त्यांना ससून रुग्णालयात आणले. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केले. बाहेर वादळ होते, मध्येच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. कंदिलाची ही गोष्ट साऱ्यांना ठाऊक असते. तिच्यापुढची कुणी सांगत नाही. त्या वेळी पेनिसिलिन नव्हते. फ्लेमिंगला त्याचा सुगावा लागला तोच १९२८ साली आणि आपल्या पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना तर १९५४ सालचा. जखमेत जंतू शिरले तर मारायला शस्त्र नव्हते. होते ते फक्त डोळे, थर्मामीटर आणि कागद. गांधीजींची जखम भरून यायला वाटले होते त्याहून अधिक दिवस लागले. प्रकृतीच्या कारणावरून सरकारने ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका केली आणि पुढे ते समुद्रकाठी जुहूला विश्रांतीसाठी गेले. औषध नसलेल्या त्या काळात रोगी तरायचा तो पुष्कळसा पहाऱ्यावर. आज कपाट औषधांनी भरले आहे; पण कपाट केव्हा उघडायचे, हे सांगणारा पहारेकरी झोपला तर त्याचा उपयोग काय?

नातलग आणि डॉक्टर ही दोन नाती एका माणसात आली की हा पहारेकरी हमखास पेंगतो, हे मी अनुभवाने सांगतो. यात माझ्याहून फार मोठी माणसे सापडली आहेत. इंग्लंडात सर फ्रेडरिक ट्रीव्हज हा अपेंडिक्सच्या विकारातला नाणावलेला शस्त्रवैद्य. १९०० साली त्याची स्वतःची तरुण मुलगी फुटलेल्या अपेंडिक्सने गेली. दोन वर्षांनी राजा सातवा एडवर्ड राज्याभिषेकाच्या तोंडावर त्याच दुखण्याने आजारी पडला. देशोदेशीचे पाहुणे जमलेले, सोहळा दोन दिवसांवर, राजा ऑपरेशनला तयार होईना. ट्रीव्हज मात्र हटला नाही. २४ जून १९०२ रोजी त्याने राजाच्या पोटातला पू काढला. राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला आणि राजा पुढे आठ वर्षे जगला. सोहळा थांबतो, पू थांबत नाही. इस्लापूरच्या घरातले लक्ष्मीपूजन काय आणि लंडनचा राज्याभिषेक काय, दोहोंना हा नियम एकच.

पू थांबत नाही म्हणजे काय होते? पहिल्या दिवशी तो एका कोपऱ्यात असतो. वरवरची जखम असेल तर डॉक्टर दोन टाके उसवून त्याला वाट देतात, आत असेल तर सोनोग्राफीत बघत सुईने किंवा नळीने काढता येतो. दोन-तीन दिवस गेले की जंतू आणि त्यांची विषे रक्तात उतरतात. यालाच डॉक्टर सेप्सिस म्हणतात. नाडी धावते, श्वास वाढतो, लघवी आटते, माणूस बरळू लागतो आणि शेवटी रक्तदाब कोसळतो. या टप्प्यावर वेळ दिवसांत नव्हे, तासांत मोजतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,७३१ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. रक्तदाब कोसळल्यावर पहिल्या तासात योग्य जंतुनाशक औषध मिळालेल्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जगले. पुढच्या सहा तासांत, उशिराच्या प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेली. आता इस्लापूरहून नांदेडला जायला लागणारा वेळ त्यातून वजा करा, म्हणजे खेड्यातल्या माणसाने शहरातल्या माणसाहून आधी का निघायला हवे, ते कळेल. शहरातल्या वाचकांनीही ‘दवाखाना तर कोपऱ्यावर आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायला लोक चार दिवस लावतात, हे मी रोज पाहतो.

तेव्हा सूनबाईची वही प्रत्येक घरात उघडावी, असे माझे सांगणे आहे. कशी, ते सांगतो.

पोटाचे ऑपरेशन झालेले माणूस घरी आणताना डॉक्टरांना पाच गोष्टी विचारून मराठीत लिहून घ्या. ऑपरेशन कशाचे झाले? आत पू होता का, काही फुटले होते का? असेल तर धोका अधिक आणि पहारा कडक. टाके केव्हा काढायचे? कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे नाही? आणि रात्री कोणत्या नंबरावर फोन करायचा? विचारायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. ‘डॉक्टर रागावतील’ ही आपल्याकडची जुनी भीती. रागावले तर रागावोत.

घरी आल्यावर निदान दोन आठवडे वहीत रोज सकाळी आणि दुपारी चारच्या सुमारास ताप लिहा. ताप उतरवणारी गोळी देण्याआधी मोजा, ही यातली मुख्य गोष्ट. पॅरासिटमॉल वाईट औषध नव्हे. वेदनेसाठी डॉक्टरांनी दिले असेल तर द्यावेच. पण ते तापाला झाकते, पुवाला नाही. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. किती खाल्ले, वारा सरतो का, शौचाला कितीदा, लघवी किती, हे दोन शब्दांत लिहा. जखम दिवसाच्या उजेडात, स्वच्छ धुतलेल्या हातांनी एकदा पाहा. घरात मोबाइल असेल तर रोज त्याच जागेवरून तिचा फोटो काढा. कालच्या फोटोशेजारी आजचा ठेवला की डोळ्यांना फसवता येत नाही. दोन आठवड्यांनी वही मिटली तरी महिनाभर लक्ष असू द्या.

आता केव्हा हालायचे? घरी आल्यावर ताप १००.४ किंवा त्याहून वर गेला, बसल्या जागी नाडी शंभरावर राहू लागली, जखम लाल होऊन पसरू लागली किंवा पाझरली, दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, भूक लागत होती ती पुन्हा गेली, तर त्याच दिवशी दाखवा. पोट फुगले, उलट्या थांबेनात, वारा सरेना, धाप लागली, लघवी फार कमी झाली, हातपाय गार पडले, माणूस असंबद्ध बोलू लागले, तर त्याच घटकेला निघा. गाडी नसेल तर १०८ नंबर फिरवा. आणि एक ध्यानात ठेवा. म्हाताऱ्या माणसांना आणि मधुमेह्यांना पू होऊनही कधी कधी ताप येत नाही. ‘आजोबा दोन दिवस गप्प गप्प आहेत’ हेच त्यांच्याबाबतीत लक्षण असते.

काय करू नये, तेही सांगून टाकतो. जखमेवर हळद, कॉफीची पूड, राख, भुकटी काही घालू नका. पोटाला तेल लावून चोळू नका. औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने जंतुनाशक गोळ्या आणू नका. अर्धवट औषधाने लक्षणे दबतात, पू आत वाढतो आणि जंतू हट्टी होतात ते निराळेच. पू साचला असेल तर तो बाहेर काढल्यावाचून केवळ गोळ्यांनी बहुधा जात नाही. भात किंवा आंबट खाल्ल्याने पू होतो, ही समजूत सोडा. जखम भरायला वरण, उसळ, दूध आणि खात असाल तर अंडी हवीतच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा आणि तंबाखू, विडी निदान जखम भरेपर्यंत तरी सोडा.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना आणि ज्यांच्या घरी डॉक्टर आहे अशा कुटुंबांना एक विनंती. फोनवरच्या डॉक्टर नातेवाइकाचे ‘काही नाही, गोळी घे’ हे वाक्य औषध म्हणून घेऊ नका. त्याने पोटाला हात लावलेला नसतो. त्याच्या मनात भीतीपेक्षा मायाच अधिक असते आणि आपल्या माणसाला काही झालेले नसावे, असे त्याला तुमच्याइतकेच वाटत असते. त्याला वही वाचून दाखवा. आकडे ऐकले की तो भानावर येतो.

त्या भाऊबीजेनंतर दर दिवाळीला मी इस्लापूरला जातो. अक्का ओवाळते. मी तिला साडी नेतो आणि सूनबाईला एक कोरी वही. पहिल्या वर्षी ती हसून म्हणाली, “मामा, वेचणीला एक वही पुरते.” मी म्हणालो, “हिशेब पहिल्या पानापासून लिही. शेवटचं पान तेवढं कोरं ठेव.” अजून तरी ते कोरेच आहे. आपणा सर्वांच्या घरीही ते तसेच राहो आणि लिहायची वेळ आलीच तर वेळेवर लिहिले जावो, हीच दिवाळीनिमित्त सदिच्छा.